प्रयोगवहीची परीक्षा



वार्षिक परीक्षा जवळ आली, कीं शिकलेल्या घरांतून एक ठराविक देखावा दृष्टीस पडूं लागतो. रात्रीचीं जेवणें आटोपलेलीं असतात. मेजावर तपकिरी कागदाचें वेष्टन घातलेली एक जाड वही उघडी असते. मुलगा भराभर लिहीत असतो. आई शेजारीं बसून चंचुपात्राची आकृति पट्टीनें रेखून देत असते. आणि वडील शेजारच्या बिऱ्हाडांतून मागून आणलेल्या दुसऱ्या वहींतले आंकडे वाचून दाखवीत असतात. "पहिलें निरीक्षण?" "वीस." "दुसरें?" "तेंहि वीसच." अकरा वाजण्याच्या सुमारास वही मिटते, आणि विज्ञानाचें काम एकदांचें हातावेगळें झालें म्हणून सर्वजण समाधानानें निजावयास जातात.

शाळेंत या वहीला 'जर्नल' म्हणतात. मी आज तिला प्रयोगवही म्हणणार आहें. आपल्या राज्यांतील शालान्त परीक्षेंत विज्ञानाच्या शंभर गुणांपैकीं वीस गुण प्रयोगकामासाठीं राखून ठेवलेले असतात, त्यामुळें या वहीची काळजी घरोघरीं घेतली जाते, यांत नवल नाहीं. परंतु वही चांगली कीं वाईट, हें कशावरून ठरवावें? अक्षरावरून, आकृतींवरून, कीं उत्तर पुस्तकांतल्याप्रमाणें आलें यावरून? हा प्रश्न मी आपणांपुढें मांडणार आहें.

माझा अधिकार सांगावयाचा, तर तो अगदीं थोडा आहे. मी पदवीधर नाहीं. शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन अध्यापनाचें शिक्षण घेतलें, आणि छत्तीस वर्षें गिरगांव व परळ या भागांतील शाळांतून मुलांना शिकविलें. प्रयोगशाळेच्या कपाटाच्या किल्ल्या बहुतेक काळ माझ्याच खिशांत असत, म्हणून प्रयोगवह्यांचे गठ्ठेहि तपासण्यास माझ्याचकडे येत. इतक्या वर्षांत किती वह्या नजरेखालून गेल्या, याचा हिशेब मीं ठेवला नाहीं. मात्र त्यांपैकीं एक वही मला अद्याप विसरतां येत नाहीं. कारण ती मीं चुकीची तपासली होती.

ही गोष्ट १९८२ सालची. मी तेव्हां परळच्या ज्या शाळेंत होतों, तिच्या प्रयोगशाळेच्या खिडकींतून एका कापडगिरणीचें उंच धुराडें दिसे. बहिर्वक्र भिंगाचें नाभीय अंतर काढण्याच्या प्रयोगास तें फार सोयीचें पडे. भिंग खिडकीकडे धरावयाचें, त्याच्यामागें पांढरा कागद पुढेंमागें सरकवावयाचा, आणि धुराड्याची प्रतिमा रेखीव उमटली, कीं भिंग व कागद यांतील अंतर पट्टीनें मोजावयाचें. प्रतिमा उलटी पडते. त्यामुळें धुराड्यांतला धूर कागदावर खालीं उतरतांना दिसे, आणि मुलांना त्याची मोठी गंमत वाटे. त्या वर्षीं १८ जानेवारीपासून गिरण्यांचा संप सुरू झाला होता. सुमारें अडीच लाख कामगार कामावर जात नव्हते. पावसाळा सरल्यावर आमच्या वर्गानें हा प्रयोग केला, तेव्हां एका मुलानें निरीक्षणाच्या जागीं लिहिलें, 'प्रतिमा उलटी. धुराडें दिसतें. धूर दिसत नाहीं.' त्याखालीं तीन वेळां मोजलेलीं अंतरें होतीं: १९.६, २०.१ आणि १९.८ सेंटिमीटर.

मीं काय केलें? 'धूर दिसत नाहीं' या शब्दांवर तांबडी रेघ मारली व समासांत 'विषयास सोडून' असा शेरा दिला. वहीवर शाईचे दोन डाग होते, आकृति वांकडी होती. दहापैकीं पांच गुण दिले. त्याच गठ्ठ्यांतील दुसऱ्या एका वहीस मीं नऊ गुण दिले. तिच्यांतलें अक्षर मोत्यासारखें होतें, आणि तिन्ही अंतरें २०.०, २०.०, २०.० अशीं होतीं. कांहीं दिवसांनीं हजेरीपट चाळतांना माझ्या ध्यानांत आलें, कीं या दुसऱ्या वहीचा धनी प्रयोगाच्या दिवशीं शाळेंतच आला नव्हता. हजेरी मींच घेतली होती.

पहिला मुलगा गिरणीकामगाराचा होता. धुराड्यांतून धूर न निघण्याचा त्याच्या घरीं काय अर्थ होता, हें मला कोणी सांगावयास नको होतें. पण तो भाग क्षणभर बाजूस ठेवूं. केवळ विज्ञानाच्या दृष्टीनें पाहिलें, तरी जें डोळ्यांना दिसलें तें त्यानें लिहिलें होतें, आणि मीं तें खोडलें होतें. दिवाळीनंतर तो शाळेंत परत आला नाहीं. त्या संपांत लालबाग-परळांतील कितीतरी कुटुंबें कोकणांत आपापल्या गांवीं गेलीं. त्यांत तेंहि एक होतें. गुण दुरुस्त करण्याची संधि मला मिळाली नाहीं.

तेव्हांपासून प्रयोगवहीकडे मी एक साक्ष म्हणून पाहूं लागलों. न्यायालयांत साक्षीदाराचें अक्षर कसें आहे, हें कोणी विचारीत नाहीं. तूं तेथें होतास काय, काय पाहिलेंस, आणि जें पाहिलेंस तेवढेंच सांगतोस ना, हें विचारतात. दहा साक्षीदारांनीं शब्दाशब्दांत एकच जबानी दिली, तर चतुर न्यायाधीशास संशय येतो. आम्हां शिक्षकांना मात्र चाळीस वह्यांतून एकच आंकडा आढळला, म्हणजे वर्गाची तयारी उत्तम झाली असें वाटतें!

साक्षीचें मोल किती मोठें असूं शकतें, याचें एक उदाहरण आपल्या मुंबईंतच आहे. ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं कुलाब्यास वेधशाळा स्थापन केली. १८४० नंतरच्या दशकांत तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं नियमित निरीक्षणें सुरू झालीं. आपले गणिती केरो लक्ष्मण छत्रे हेहि तरुणपणीं या वेधशाळेंत साहाय्यक होते. काम मोठें कंटाळवाणें. टांगलेल्या चुंबकाचें स्थान ठराविक वेळीं पहावयाचें आणि वहींत उतरून ठेवावयाचें. मग रात्र असो, पाऊस असो, कीं कालचाच आंकडा आज पुन्हां येवो.

२ सप्टेंबर १८५९ रोजीं भर दिवसां या उपकरणांतील चुंबक कांहीं तरी भलतेंच दाखवूं लागले. पृथ्वीच्या आडव्या चुंबकीय बलांत शांत दिवशीं होणारी घटबढ, आजच्या परिमाणांत सांगावयाची, तर शंभर नॅनोटेस्लांच्या आंतच राहते. त्या दिवशीं तें बल थोड्या वेळांत सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं खालीं आलें. आदल्या दिवशीं इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंग्टन या ज्योतिषानें सूर्यावर एक विलक्षण प्रखर तेज पाहिलें होतें. परंतु कुलाब्याच्या निरीक्षकांना त्याची वार्ता असण्याचें कारण नव्हतें. त्यांच्यापुढें होता तो केवळ एक अशक्य वाटणारा आंकडा. आपल्या वर्गांतला हुशार मुलगा तेथें असता, तर त्यानें काय केलें असतें? उपकरण बिघडलें असें समजून कालचा आंकडा सुवाच्य अक्षरांत लिहून ठेवला असता, आणि आम्हीं त्याला नऊ गुण दिले असते. कुलाब्याच्या त्या माणसांनीं जें दिसलें तें लिहिलें. इतकेंच नव्हे, तर गडबड सुरू होतांच एरव्हींपेक्षां थोड्या थोड्या वेळानें निरीक्षणें घेतलीं.

युरोपांत कित्येक ठिकाणीं त्या दिवशींचे आलेख कागदाबाहेर निघून गेले. कुलाब्याच्या वहींत मात्र आंकडे राहिले. पुढें १४४ वर्षांनीं, २००३ सालीं, भारतीय भूचुंबकत्व संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं परदेशांतील सहकाऱ्यांसह त्या जुन्या नोंदी अभ्यासिल्या, आणि त्या थोर चुंबकीय वादळाची तीव्रता त्यांच्या आधारें ठरविली. असें वादळ आज झालें, तर कृत्रिम उपग्रहांची व वीजपुरवठ्याची काय अवस्था होईल, याचा अंदाज बांधणाऱ्यांना ती नोंद आजहि उपयोगी पडते. वही लिहिणाऱ्यांना याची कल्पनाहि नव्हती.

याच वेधशाळेची दुसरी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. मुंबईंत घोड्यांच्या ट्रामऐवजीं विजेच्या ट्राम आणण्याचें ठरलें, तेव्हां विजेच्या प्रवाहानें चुंबक विचलित होतील, हें वेधशाळेच्या चालकांनीं ओळखलें. म्हणून ट्राम धांवूं लागण्यापूर्वींच, १९०४ सालीं, चुंबकीय निरीक्षणांची सोय अलिबागेस करण्यांत आली. विजेची ट्राम १९०७ सालीं सुरू झाली. प्रयोगवहीच्या शेवटीं 'त्रुटींचीं कारणें' असा एक रकाना असतो, आणि मुलें त्यांत वर्षानुवर्षें 'उपकरण काळजीपूर्वक हाताळावें' एवढें एकच वाक्य लिहितात. त्या रकान्याचा खरा अर्थ या अलिबागच्या गोष्टींत आहे. माझ्या प्रयोगांत बाहेरचें काय ढवळाढवळ करतें, हें शोधून काढावयाचें आणि शक्य तर त्यापासून दूर जावयाचें.

निरीक्षणाइतकीच कृतिहि महत्त्वाची. 'प्रयोगाची कृति' या मथळ्याखालीं मुलें पाठ्यपुस्तकांतला परिच्छेद जसाच्या तसा उतरतात. आपण प्रत्यक्ष काय केलें, हें लिहावयाचें असतें, याची त्यांना जाणीवच नसते. लालबाग-परळच्या श्रोत्यांना हाफकिन संस्थेची इमारत परिचयाची आहे. प्लेगच्या काळांत, १८९९ पासून, तेथें डॉ. वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा होती. तेथें तयार झालेली लस ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल या गांवीं १०७ लोकांना टोंचण्यांत आली. त्यांतील १९ जण धनुर्वातानें दगावले. ते सर्व एकाच बाटलींतून लस घेतलेले होते. त्या बाटलीचा क्रमांक ५३-एन असा होता. ठपका प्रयोगशाळेवर आला, आणि हाफकिन यांना अधिकारपद गमवावें लागलें. पुढें दाखवून देण्यांत आलें, कीं गांवांत ती बाटली उघडतांना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करतांच वापरला गेला होता. १९०७ सालीं हाफकिन निर्दोष ठरले. चिमटा पडणें ही केवढीशी गोष्ट! परंतु ती समजण्यास पांच वर्षें लागलीं; आणि बाटल्यांना क्रमांक नसते, तर ती कदाचित् कधींच समजली नसती. मुलानें आपल्या वहींत 'दिवा मध्येंच विझला, पुन्हां लावला' असें लिहिलें, तर तें खोडूं नये, असें मी म्हणतों, तें यासाठीं.

आतां उत्तराकडे वळूं. सर्वांत मोठा घोंटाळा येथेंच होतो. गिरगांवांतील शाळेंत माझी बदली झाली, तेव्हां तेथें खिडकीबाहेर धुराडें नव्हतें. अरुंद गल्लीपलीकडे समोरच्या चाळीचा कठडा होता, आमच्यापासून सुमारें सहा मीटरांवर. तेंच २० सेंटिमीटरचें भिंग घेऊन मुलें प्रयोग करीत, आणि त्यांचें उत्तर २०.७ च्या आसपास येई. पुस्तकांत तर 'दूरची वस्तु घ्यावी' असें असतें, आणि भिंगाच्या डबीवर २० हा आंकडा असतो. घाबरून मुलें २०.७ खोडून २० करीत. खरें पाहतां २०.७ हेंच बरोबर आहे. वस्तु सहा मीटरांवर असेल, तर २० सेंटिमीटरच्या भिंगाची प्रतिमा २०.७ सेंटिमीटरांवरच पडली पाहिजे; भिंगाचें सूत्र मांडून कोणीहि पडताळून पहावें. म्हणून 'वस्तु: समोरच्या चाळीचा कठडा, अंतर सुमारें ६ मीटर, प्रतिमेचें अंतर २०.७' असें लिहिणाऱ्या मुलास मी पूर्ण गुण देऊं लागलों. आणि 'दूरची वस्तु, २०.०' लिहिणाऱ्यास बोलावून विचारूं लागलों, कीं बाबा रे, ती वस्तु कोणती, ती मला दाखव.

लंबकाच्या प्रयोगाचेंहि तसेंच. गुरुत्वत्वरण काढा म्हटलें, कीं वह्यांतून ९८० हा आंकडा हटकून येतो. मुंबईंत त्याचें खरें मान सुमारें ९७८.६ आहे, पण तो फरक शाळेच्या साधनांनीं कळण्यासारखा नाहीं. मीटरभर लांबीच्या लंबकाचीं वीस आंदोलनें मोजण्यास सुमारें चाळीस सेकंद लागतात. घड्याळाची कळ दाबण्यांत पंचमांश सेकंदाची चूक झाली, तरी उत्तर दहांनीं मागेंपुढें होतें. तेव्हां ९७० ते ९९० पर्यंतचें कोणतेंहि उत्तर प्रामाणिक असूं शकतें. ज्यानें ९८७ लिहून 'कळ दाबण्यांतील चुकीमुळें दहांचा फरक संभवतो' असें पुढें जोडलें, त्याला प्रयोग कळला. ज्यानें गणकयंत्रांतून उतरून ९७९.८६४३ लिहिलें, त्याला आपल्या घड्याळाची योग्यताच समजली नाहीं. आणि पाणी शंभर अंशांवर उकळतें, हें तर सगळेच लिहितात. मुंबई समुद्रकांठीं आहे, म्हणून तें येथें खपतें. महाबळेश्वरास पाणी ९५-९६ अंशांच्या सुमारास उकळूं लागतें. तेथल्या वहींतहि शंभरच आढळले, तर ते अंश उष्णतामापकावरून आले कीं पुस्तकांतून, हें सांगावयास ज्योतिषी नको.

मग गुण द्यावे कसे? निवृत्तीपूर्वींच्या दहा-बारा वर्षांत मीं जी रीति ठेविली, ती सांगतों. दहांपैकीं चार गुण निरीक्षणांना. परंतु तीं कच्च्या वहींत, प्रयोगाच्या मेजावरच, शाईनें लिहिलेलीं असलीं पाहिजेत. चुकलेला आंकडा रबरानें पुसावयाचा नाहीं. एक रेघ मारून खालचें वाचतां येईल असा ठेवावयाचा. दोन गुण स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या कृतीला. तीन गुण अनुमानाला व त्रुटींच्या विचाराला. आणि उरलेला एक गुण मांडणीला. कारण साक्ष वाचतां तरी आलीच पाहिजे.

यावर माझे व्यवसायबंधु म्हणतील, कीं वर्गांत साठ मुलें, भिंगें दहा, आणि तासिका पस्तीस मिनिटांची. इतकी चिकित्सा करावयास वेळ कोठून आणावा? अडचण खरी आहे, मीं ती भोगलेली आहे. सहा मुलांमध्यें एक भिंग असेल, तर सहाजणांचे आंकडे एकच असणें हा गुन्हा नव्हे. मात्र 'भिंग कोणी धरलें, पट्टी कोणी वाचली' ही एक ओळ प्रत्येकानें लिहावी. आणि प्रत्येक प्रयोगानंतर कोणतींहि पांच मुलें वहीसह बोलावून एकेकास एकच प्रश्न विचारावा: "हा आंकडा तुला कसा मिळाला?" पुढच्या खेपेस आपलीहि पाळी येईल या विचारानें उरलेलीं पंचावन्न मुलें आपोआप सावध होतात.

मुलें असें करूं शकत नाहींत, असें मात्र कोणी समजूं नये. २०१५ सालीं आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाड मुंबईंत भरलें; मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानें त्याची व्यवस्था पाहिली. त्या स्पर्धेंत विद्यार्थ्यांना पांच तास प्रयोग करावा लागतो, आणि गुण मिळतात ते घेतलेल्या निरीक्षणांना, काढलेल्या आलेखाला व चुकीच्या हिशेबालाहि. तीं मुलें आपल्या मुलांच्याच वयाचीं असतात.

शेवटीं दोन शब्द पालकांसाठीं. आतां तर वही मागून आणण्याचेहि कष्ट उरले नाहींत. छापलेल्या तयार वह्या दुकानांत मिळतात, आणि हातांतल्या दूरध्वनियंत्रास विचारलें, तर तें उद्देशापासून अनुमानापर्यंत सगळा प्रयोग क्षणांत लिहून देतें. त्या लिखाणांत एकहि चूक नसेल. मात्र त्या दिवशीं, त्या खिडकीपाशीं, आपल्या मुलानें काय पाहिलें, तें त्यांत असणें शक्य नाहीं. आणि प्रयोगवहींत मुलाचें स्वतःचें असें तेवढेंच असतें. तेंच आपण रात्रीं मेजापाशीं बसून त्याच्याकडून खोडवून घेतों. पुस्तकाशीं न जुळणारी गोष्ट दिसली तर ती लपवावी, हा धडा तो त्या रात्रीं शिकतो. उद्यां तो एखाद्या औषधाच्या कारखान्यांत, पुलाच्या बांधकामावर किंवा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंत काम करील, तेव्हांहि तो धडा त्याच्याबरोबर असेल.

म्हणून आज रात्रीं मुलाची प्रयोगवही उघडली, तर आकृतींचें कौतुक जरूर करावें. मग कोणत्याहि एका आंकड्यावर बोट ठेवून त्याला शांतपणें विचारावें, "हा तुला दिसला होता काय?" तो नाहीं म्हणाला, तर रागावूं नये. जो दिसला होता तो कोणता, हें त्याला विचारावें. आणि तो बाजूस लिहूं द्यावा, मग वही थोडी घाण झाली तरी चालेल.